ईनेश्ट्रासे : एका उपनगरी रस्त्याचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

वास्तुसमीक्षेत एखाद्या इमारतीचे मूल्यमापन प्रामुख्याने तिची रचना, शैली, साहित्य आणि वास्तुविशारदाचे कर्तृत्व या निकषांवर केले जाते. रस्त्याचे मूल्यमापन मात्र क्वचितच होते. रस्ता ही कोणा एकाची निर्मिती नसते. निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या हेतूंनी उभ्या राहिलेल्या वास्तू त्याच्या दोन्ही कडांना एकमेकींच्या शेजारी येतात आणि त्या शेजारातून जो अर्थ सिद्ध होतो तो कोणत्याही एका वास्तूच्या आराखड्यात नोंदवलेला नसतो. या दृष्टीने रस्ता हा अनेक लेखकांनी लिहिलेला, अनेकदा खोडलेला व पुन्हा लिहिलेला ग्रंथ मानता येतो.

प्रस्तुत लेखात बर्लिन शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या डालेम या उपनगरातील ईनेश्ट्रासे या रस्त्याचे असे वाचन करण्याचा प्रयत्न आहे. जर्मन भाषेत ‘श्ट्रासे’ म्हणजे रस्ता. हा रस्ता निवडण्यास दोन कारणे आहेत. विसाव्या शतकातील विज्ञानाची महत्त्वाकांक्षा, त्याचे अधःपतन आणि त्यानंतरचे आत्मपरीक्षण हे तिन्ही टप्पे या एकाच रस्त्यावर काही मिनिटांच्या अंतरात पाहावयास मिळतात, हे पहिले कारण. दुसरे कारण मराठी वाचकाच्या अधिक जवळचे आहे. महाराष्ट्रातील मानववंशशास्त्राचा व समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्या डॉ. इरावती कर्वे यांचे पीएच.डी.चे संशोधन याच रस्त्यावरील क्रमांक २२ च्या इमारतीतील संस्थेत झाले. ‘जर्मनीतून डॉक्टरेट’ हे दोन शब्द त्यांच्या प्रत्येक परिचयात येतात. त्या शब्दांमागे कोणती वास्तू उभी होती, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा विचारला गेला नाही.

राजशेतीपासून विद्यानगरीपर्यंत

डालेम ही मुळात प्रशियाच्या राज्यसत्तेच्या मालकीची शेतजमीन होती. विसाव्या शतकाच्या आरंभी या जमिनीची टप्प्याटप्प्याने विभागणी सुरू झाली. एका भागात सधन वर्गासाठी बागबगीच्यांसह स्वतंत्र घरे आणि दुसऱ्या भागात विज्ञानसंस्था, अशी ही योजना होती. प्रशियाच्या शिक्षणखात्यातील प्रभावी अधिकारी फ्रीडरिश आल्टहॉफ यांनी या परिसरात एक ‘जर्मन ऑक्सफर्ड’ उभे राहावे अशी कल्पना मांडली होती. आल्टहॉफ १९०८ मध्ये निवर्तले. परंतु ११ जानेवारी १९११ रोजी कैसर विल्हेल्म सोसायटी ही विज्ञानसंवर्धन संस्था स्थापन झाली आणि त्यांच्या कल्पनेला संस्थात्मक देह मिळाला. धर्मशास्त्राचे अभ्यासक आडोल्फ फॉन हार्नाक हे तिचे पहिले अध्यक्ष होते. ऑक्टोबर १९१२ मध्ये रसायनशास्त्र आणि भौतिक रसायनशास्त्र या दोन संस्थांचे उद्घाटन सम्राटाच्या हस्ते झाले. १९१३ मध्ये भुयारी रेल्वेचा मार्ग डालेमपर्यंत आला आणि १९२० मध्ये बृहद्बर्लिनच्या निर्मितीबरोबर हे उपनगर शहरात विलीन झाले.

या आरंभीच्या संस्थांचे आराखडे करणाऱ्यांत एर्न्स्ट फॉन ईने हे प्रमुख होते. सम्राटाच्या मर्जीतील हे दरबारी वास्तुविशारद. आज बोडे संग्रहालय म्हणून ओळखली जाणारी, १९०४ मध्ये उघडलेली वास्तू आणि १९१४ मध्ये उघडलेले राजकीय ग्रंथालय या बर्लिनच्या मध्यवर्ती भागातील भव्य इमारती त्यांच्याच. त्यांचेच नाव या उपनगरी रस्त्याला मिळाले. आजूबाजूच्या रस्त्यांना फॅरेडे, बोल्ट्झमान, व्हान्ट हॉफ अशा वैज्ञानिकांची नावे आहेत आणि त्यांच्या मधोमध एका राजवास्तुविशारदाचे नाव. ज्ञान आणि सत्ता यांचे जे साहचर्य या परिसराच्या जन्मातच होते, त्याची ही अनवधानाने झालेली नोंद म्हणावी लागेल.

साहचर्याची परीक्षाही लवकरच झाली. भौतिक रसायनशास्त्र संस्थेचे संचालक फ्रिट्झ हाबर यांनी पहिल्या महायुद्धात आपली संस्था विषारी वायूच्या संशोधनास जुंपली आणि २२ एप्रिल १९१५ रोजी इप्र येथे क्लोरीन वायूचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. ज्या रासायनिक प्रक्रियेने शेतीला खत दिले, तिच्या जनकानेच रणांगणाला विष दिले. बागेतील शांत संस्था आणि बाहेरच्या जगातील संहार यांच्यातील अंतर डालेममध्ये आरंभापासूनच कमी होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

शेजारच्या दोन वास्तू

ईनेश्ट्रासेवर क्रमांक १६ ते २० या जागेत हार्नाक भवन उभे आहे. कार्ल झाटलर या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार बांधलेली ही वास्तू मे १९२९ मध्ये खुली झाली. परदेशी संशोधकांना निवास, व्याख्यानांसाठी सभागृह, भोजन व संभाषणासाठी दालने असा तिचा उपयोग होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन विज्ञान आंतरराष्ट्रीय वर्तुळातून बाहेर पडले होते आणि त्याला पुन्हा जगाशी जोडणे हा या वास्तूमागील हेतू होता. उंच उतरते छप्पर, बागेकडे उघडणाऱ्या खिडक्या, एखाद्या ग्रामीण जमीनदाराच्या वाड्यासारखी ठेवण, अशी तिची भाषा आतिथ्याची आहे.

तिला लागूनच क्रमांक २२ ची इमारत आहे. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकी आणि सुप्रजाजनन यांसाठीची कैसर विल्हेल्म संस्था येथे सप्टेंबर १९२७ मध्ये सुरू झाली. आनुवंशिकीची आंतरराष्ट्रीय परिषद त्याच महिन्यात बर्लिनमध्ये भरलेली असल्याने उद्घाटनाला जागतिक पातळीवरील प्रतिष्ठा लाभली. संचालक ऑयगेन फिशर यांनी १९०८ मध्ये जर्मन वसाहत असलेल्या नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, रेहोबोथ येथील मिश्रवंशीय समाजाचा अभ्यास केला होता आणि १९१३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला होता. हेरेरो व नामा या समाजांचा वसाहतवादी सैन्याने केलेला संहार १९०४ ते १९०८ या काळातील. म्हणजे ज्या भूमीवर संहार नुकताच घडला होता, तेथेच या शास्त्राने आपली पहिली मोठी सामग्री गोळा केली.

संस्थेत मानववंशशास्त्राचा विभाग फिशर यांच्याकडे, मानवी आनुवंशिकीचा ओटमार फॉन फेरश्यूअर यांच्याकडे आणि सुप्रजाजननाचा हेर्मान मुकरमान या कॅथलिक धर्मगुरूकडे होता. अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठाननेही संस्थेशी संबंधित संशोधनाला अर्थसाहाय्य केले. या तपशिलाचे महत्त्व असे की, १९२७ मधील ही संस्था एखाद्या विक्षिप्त गटाचा अड्डा नव्हती. ती प्रतिष्ठित, प्रजासत्ताकाच्या पाठबळावर उभी असलेली आणि आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवणारी विज्ञानसंस्था होती. सुप्रजाजननाचा विचार त्या काळी जर्मनीइतकाच इंग्लंड, अमेरिका व स्कँडिनेव्हियात रुजलेला होता. १९३३ नंतर जे घडले ते या प्रतिष्ठेच्या आधारानेच घडू शकले.

वास्तुसमीक्षेच्या दृष्टीने या इमारतीची सर्वांत विचारणीय गोष्ट म्हणजे तिचा साधेपणा. संयत दर्शनी भाग, उतरते छप्पर, भोवती झाडी. शेजारच्या घरांत ती सहज मिसळून जाते. इमारतीचे बाह्यरूप तिच्या कार्याचे निदर्शक असावे, अशी आधुनिक वास्तुविचाराची एक अपेक्षा आहे. येथे ती अपेक्षा पूर्णपणे फोल ठरते. आत मनुष्यमात्राची प्रतवारी लावण्याचे शास्त्र चालू होते आणि बाहेरून ती एका सुखवस्तू प्राध्यापकाच्या निवासस्थानासारखी दिसत होती. सत्तेची वास्तू म्हटली की आपल्यासमोर स्तंभांच्या रांगा आणि भव्य जिने येतात. हा रस्ता शिकवतो तो पाठ निराळा आहे : सत्तेला घरगुती चेहराही धारण करता येतो.

इरावती कर्वे यांचा प्रबंध

या इमारतीत १९२८ मध्ये पुण्याहून एक विद्यार्थिनी आली. इरावती कर्वे यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे झाला. पुण्यात हुजूरपागेत शिक्षण, रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी वास्तव्य, फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान विषयात पदवी आणि मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्रातील पदव्युत्तर प्रबंध, असा त्यांचा प्रवास होता. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. सुनेने परदेशी शिक्षणास जाण्याला स्वतः महर्षींची अनुकूलता नव्हती. तरीही दिनकररावांच्या आग्रहाने आणि जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जाच्या आधाराने त्या बर्लिनला गेल्या.

फिशर यांनी त्यांना दिलेला विषय होता मानवी कवटीची असमरूपता. युरोपीय गौरवर्णीयांच्या मेंदूचा उजवा अग्रभाग अधिक विकसित असल्यामुळे त्यांच्या कवटीत विशिष्ट प्रकारची असमरूपता आढळेल आणि ती बौद्धिक श्रेष्ठतेची खूण ठरेल, अशी या विषयामागील अटकळ होती. संस्थेच्या ताब्यात विविध खंडांतून आणलेल्या कवट्यांचे संग्रह होते. त्यांतील बराचसा भाग वसाहतींच्या काळात, मृतांच्या आप्तांच्या संमतीचा विचारही न करता, जमवलेला होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्यांची मोजणी केली. निष्कर्ष असा निघाला की असमरूपता ही मानवी कवटीची सर्वसाधारण अवस्था आहे आणि तिचा वंशाशी संबंध दाखवता येत नाही. प्रबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातील कळीचे विशेषण ‘सामान्य’ हे आहे. फिशर यांनी या प्रबंधाला उत्तीर्ण होण्यापुरतीच श्रेणी दिली, असे ऊर्मिला देशपांडे व थियागो पिंटो बार्बोझा यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी चरित्रात नोंदवले आहे.

या प्रसंगाकडे दोन प्रकारे पाहण्याचा मोह होतो. एक, वंशवादाच्या गडात शिरून त्याला आव्हान देणारी भारतीय वीरांगना म्हणून इरावतीबाईंचे चित्र रंगवणे. दोन, पुढे कुप्रसिद्ध झालेल्या गुरूची शिष्या म्हणून त्यांच्याकडे संशयाने पाहणे. दोन्ही दृष्टी प्रस्तुत लेखकाला अपुऱ्या वाटतात. पहिली दृष्टी हे विसरते की त्या संस्थेत त्या स्वेच्छेने गेल्या होत्या, तेथील उपकरणे व पद्धती त्यांनी आत्मसात केल्या आणि ज्यांच्या कवट्या त्यांनी हाताळल्या त्या मृतांच्या संमतीचा प्रश्न त्या काळच्या शास्त्रात विचारलाच जात नव्हता. दुसरी दृष्टी हे विसरते की गुरूच्या गृहीतकाविरुद्ध जाणारा निष्कर्ष, परक्या देशात, कर्जाच्या पैशावर शिकणाऱ्या विद्यार्थिनीने कागदावर मांडणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यांनी घोषणा केली नाही. त्यांनी मोजले आणि जे मोजमापात दिसले तेच लिहिले. शास्त्राच्या चौकटीत राहून शास्त्राच्या पूर्वग्रहाला नकार देता येतो, याचे ते उदाहरण आहे. आणि त्या चौकटीलाच प्रश्न विचारण्याची मर्यादा कोठे पडते, याचेही.

मोजपट्टीचा परतीचा प्रवास

बर्लिनहून परतताना इरावतीबाईंनी पदवीबरोबर एक पद्धतीही आणली. १९३१ ते १९३६ या काळात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात प्रबंधक म्हणून काम केल्यावर १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात रुजू झाल्या. महाराष्ट्रातील विविध समूहांची शरीरमापने त्यांनी पुढील दशकात घेतली आणि अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या सहकार्याने १९५१ मध्ये ती प्रसिद्ध केली. ज्या वेळी युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर शरीरमापनशास्त्राची प्रतिष्ठा ढासळत होती, त्या वेळी महाराष्ट्रात ते चालू होते, ही वस्तुस्थिती टाळता येणार नाही.

मात्र या मापनांचा उपयोग त्यांनी कशासाठी केला, हे पाहणे आवश्यक आहे. फिशर यांच्या शास्त्रात मोजणीचा शेवट प्रतवारीत होत असे. इरावतीबाईंनी १९६१ च्या ‘हिंदू सोसायटी’ या इंग्रजी ग्रंथात मांडलेला सिद्धांत असा की, कुंभार यासारख्या एकाच नावाखाली येणाऱ्या जाती या एका मूळ जातीच्या फांद्या असतातच असे नाही. भिन्न उगमाचे, अंतर्विवाही समूह समान व्यवसायामुळे एका नावाखाली एकत्र आलेले असू शकतात. येथे मोजणी प्रतवारीकडे न जाता एकजिनसीपणाच्या समजाला तडा देण्याकडे जाते. घुर्ये यांच्या मताहून हा विचार वेगळा होता. तरीही समूहांची ओळख शरीराच्या मोजमापातून पटते, हे गृहीतक त्यात शिल्लक होतेच. त्याची चिकित्सा पुढील पिढ्यांनी करावयाची होती.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात केलेली मांडणी लक्षणीय आहे. रिस्ले यांनी नाकाच्या निर्देशांकावरून जातींची वांशिक उतरंड मांडली होती. आंबेडकरांनी घुर्ये यांनी एकत्र केलेली मापनेच हाती घेतली आणि त्यांवरून असे दाखवले की, ब्राह्मण व अस्पृश्य एका वंशाचे नाहीत असे म्हणण्यास आधार मिळत नाही. मोजपट्टी त्यांनी फेकून दिली नाही, ती उलटी धरली. एकीकडे १९३० च्या दशकात जातिसंस्थेचे समर्थन सुप्रजाजननाच्या परिभाषेत करणारे लेखन मराठीतही होत होते. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणग्रंथात त्या युक्तिवादाचा समाचार घेतला होता. म्हणजे ईनेश्ट्रासेवरील क्रमांक २२ मध्ये चाललेला वाद आपल्याला परका नव्हता. त्याची एक शाखा आपल्या अंगणातच होती आणि तेथे प्रतवारीचा विषय वंशाऐवजी जात हा होता.

१९३३ नंतरची इमारत

इरावतीबाई १९३० मध्ये परतल्या. तीन वर्षांत जर्मनीत सत्तांतर झाले. १४ जुलै १९३३ रोजी आनुवंशिक दोष असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा संमत झाला. फिशर त्याच वर्षी बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. मुकरमान यांना पदावरून दूर करण्यात येऊन त्यांच्या जागी फ्रिट्झ लेन्ट्स आले. संस्थेतील संशोधक वंशविषयक तज्ज्ञमते देऊ लागले आणि नसबंदीच्या प्रकरणांत त्यांचा शब्द निर्णायक ठरू लागला. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँड भागातील, जर्मन माता व फ्रेंच वसाहती सैन्यातील आफ्रिकी पिता असलेल्या सुमारे ४०० मुलांची गुप्तपणे नसबंदी करण्यात आली. त्यांची वांशिक तपासणी करणाऱ्यांत फिशर यांच्यासह या संस्थेतील मानववंशशास्त्रज्ञ होते.

१९४२ मध्ये फेरश्यूअर संचालक झाले. त्यांचा पूर्वीचा साहाय्यक योसेफ मेंगेले मे १९४३ मध्ये आउशविट्झ छळछावणीत डॉक्टर म्हणून नियुक्त झाला. तेथील बंदिवानांच्या रक्ताचे नमुने ईनेश्ट्रासेवर येत होते. डोळ्यांच्या रंगाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतील एका संशोधिकेकडे छावणीत मारल्या गेलेल्या सिंती कुटुंबातील व्यक्तींचे डोळे पाठवण्यात आले. बागेतील त्या घरासारख्या इमारतीच्या टपालात काय येत होते, याचा हा तपशील आहे. १९४५ च्या आरंभी फेरश्यूअर यांनी संस्थेचे साहित्य बर्लिनबाहेर हलवले. युद्धानंतर न्यायाधिकरणाने त्यांना केवळ ‘अनुयायी’ ठरवून ६०० मार्कांचा दंड केला आणि १९५१ मध्ये ते म्युन्स्टर विद्यापीठात मानवी आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले. फिशर १९६७ पर्यंत आणि फेरश्यूअर १९६९ पर्यंत जगले. दोघांवरही या कृत्यांसाठी फौजदारी खटला चालला नाही.

शेजारचे हार्नाक भवनही या काळापासून अलिप्त राहिले नाही. जून १९४२ मध्ये येथेच भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबेर्ग यांनी शस्त्रास्त्रमंत्री आल्बेर्ट श्पेअर यांच्यासमोर अणुसंशोधनाविषयी विवेचन केले. युद्धानंतर अमेरिकी सैन्याने ही वास्तू अधिकाऱ्यांच्या क्लबसाठी वापरली आणि १९९४ मध्ये सैन्य गेल्यावर ती कैसर विल्हेल्म सोसायटीची उत्तराधिकारी असलेल्या माक्स प्लांक सोसायटीकडे परत आली.

फलक, अस्थी आणि प्रदर्शन

पूर्व बर्लिनमधील विद्यापीठावर कम्युनिस्ट सत्तेचे नियंत्रण आल्यावर १९४८ मध्ये पश्चिम भागात फ्राय विद्यापीठ, म्हणजे मुक्त विद्यापीठ, स्थापन झाले आणि डालेममधील रिकाम्या संस्था त्याला मिळाल्या. क्रमांक २२ मध्ये कालांतराने राज्यशास्त्राचे वर्ग भरू लागले. या बदलात एक काव्यगत न्याय दिसतो. परंतु इमारतीच्या पूर्वेतिहासाविषयी दीर्घकाळ भिंतींवर एक अक्षरही नव्हते. लोकशाहीचा अभ्यास करणारे विद्यार्थी त्या दालनांतून वावरत होते आणि दालने गप्प होती. १९८८ मध्ये प्रवेशद्वारापाशी स्मृतिफलक बसवण्यात आला. आपल्या कार्याच्या आशयाची आणि परिणामांची जबाबदारी वैज्ञानिकांवरच असते, असा त्याचा आशय आहे. जून २००१ मध्ये माक्स प्लांक सोसायटीचे अध्यक्ष हुबेर्ट मार्कल यांनी मेंगेलेच्या प्रयोगांतून वाचलेल्या जुळ्या व्यक्तींच्या उपस्थितीत जाहीर क्षमायाचना केली.

इतिहासाने पुढचे पाऊल मात्र अनपेक्षित रीतीने टाकले. जुलै २०१४ मध्ये विद्यापीठ ग्रंथालयाजवळ बांधकाम चालू असताना जमिनीतून मानवी अस्थी निघाल्या. जागा क्रमांक २२ पासून जवळच होती. सुरुवातीस सापडलेल्या अवशेषांचे पुरेसा तपास न करताच दहन झाले आणि त्यावर टीका झाली. त्यानंतर पुरातत्त्वज्ञ सुझन पोलॉक यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रशुद्ध उत्खनन करण्यात आले. सुमारे १६,००० तुकडे मिळाले आणि ते किमान ५४ व्यक्तींचे होते. काही तुकड्यांवर गोंदाच्या व लिखाणाच्या खुणा होत्या. बहुतांश अवशेष वसाहतकालीन व पुरातत्त्वीय संग्रहांतील असावेत आणि नाझी गुन्ह्यांशी संबंधित अवशेषांची शक्यताही नाकारता येत नाही, असे अभ्यासकांचे मत पडले.

यानंतरचा निर्णय या रस्त्याच्या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय म्हणता येईल. ज्यू समाज, सिंती व रोमा समाज, आफ्रिकी वंशाचे नागरिक यांच्या प्रतिनिधींशी चर्चा करून असे ठरले की, या अस्थींची आनुवंशिक किंवा अन्य आक्रमक तपासणी करायची नाही. मृतांचा वंश शोधणे म्हणजे ज्या शास्त्राने त्यांना वस्तू बनवले त्याच शास्त्राच्या टेबलावर त्यांना पुन्हा ठेवणे होय, हे त्यामागील तत्त्व. २३ मार्च २०२३ रोजी डालेमच्या वनदफनभूमीत त्यांचे दफन झाले. २०२४ मध्ये क्रमांक २२ च्या इमारतीत आणि तिच्या भोवती संस्थेच्या इतिहासाचे कायमस्वरूपी प्रदर्शन खुले झाले.

ज्ञानाने स्वतःच्या जिज्ञासेला स्वेच्छेने मर्यादा घालणे, हे येथे घडले. संशोधन म्हणजे जे जाणता येईल ते सर्व जाणून घेणे, अशी आपली सर्वसाधारण धारणा असते. त्या धारणेला या दफनाने एक मर्यादा दाखवली. अर्थात या निर्णयालाही किंमत आहे. काही मृतांची नावे किंवा मूळ स्थाने कदाचित त्या तपासणीतून कळली असती आणि त्यांच्या वंशजांना ती कळण्याचा हक्क आहे, असा आक्षेप घेता येतो. प्रस्तुत लेखकाला हा आक्षेप वजनदार वाटतो. परंतु ज्यांच्या वतीने तो घेतला जाईल त्या समाजांच्या प्रतिनिधींनीच तपासणी नाकारली, हे त्यावरील सर्वांत सबळ उत्तर आहे.

याच रस्त्यावर पुढे क्रमांक ६३ ते ७३ येथे माक्स प्लांक सोसायटीची रेण्वीय आनुवंशिकी संस्था आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने मानवी जनुकसंचाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भाग घेतला आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकविसाव्या गुणसूत्राच्या क्रमनिर्धारणात तिचा सहभाग होता. आनुवंशिकीचे शास्त्र हा रस्ता सोडून गेले नाही. त्याने आपली इमारत, पद्धती आणि प्रश्न बदलले. दोन इमारतींमधील अंतर काही मिनिटांत चालून जाता येते. शास्त्राला मात्र ते कापण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला.

समारोप

ईनेश्ट्रासेच्या या वाचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, वास्तूचे सौंदर्यमूल्य आणि तिचा इतिहास यांचा परस्परांवर परिणाम होतोच असे नाही. सुंदर, शांत, हिरवा परिसर आतील कार्याविषयी कोणतीही ग्वाही देत नाही. दुसरी, स्मृती वास्तूत आपोआप राहत नाही. १९४५ ते १९८८ या ४३ वर्षांत इमारत तीच होती, केवळ तिला बोलते करणारे कोणी नव्हते. तिसरी गोष्ट महाविद्यालयीन अध्यापकांशी थेट संबंधित आहे. आपल्या ज्ञानपरंपरेतील थोर व्यक्तींचे शिक्षण कोठे झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या ठिकाणी त्यांनी काय स्वीकारले आणि काय नाकारले, हे सांगितले तर त्यांचे मोठेपण कमी न होता अधिक स्पष्ट होते. इरावतीबाईंच्या ‘युगान्त’चे लालित्य आणि ‘परिपूर्ती’तील आत्मीयता आपण शिकवतो. १४९ कवट्यांच्या मोजणीतून गुरूच्या गृहीतकाविरुद्ध निघालेला तो कोरडा निष्कर्षही त्याच लेखणीचा आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. महाभारतातील व्यक्तींकडे पूज्यभावाचे आवरण बाजूला सारून पाहण्याचे जे धैर्य ‘युगान्त’मध्ये दिसते, त्याचा पूर्वाभ्यास बर्लिनमध्ये झाला असावा, असे म्हणण्यास जागा आहे.

शेवटी एक प्रश्न आपल्या स्वतःच्या इमारतींविषयी. भारत हा दीर्घकाळ जगाला मानवी सांगाडे पुरवणारा प्रमुख देश होता आणि ही निर्यात १९८५ मध्ये बंद करण्यात आली. आपल्याकडील अनेक जुन्या प्रयोगशाळांच्या काचेच्या कपाटांत आजही सांगाडे व कवट्या आहेत. त्या कोणाच्या, कोठून आल्या, कोणाच्या संमतीने आल्या, याची नोंद किती ठिकाणी सापडेल? डालेममधील त्या ५४ व्यक्तींना निदान एक कबर आणि तिच्यापाशी उभे राहणारे काही लोक मिळाले. आपल्या कपाटांची यादी करण्यासाठी जमिनीतून काही वर येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. साठा नोंदवही उघडली की पुरे.